साडूंच्या पासपोर्टावरची मोहर

देवापुढे चपला काढणारे लोक पुष्कळ आहेत, पण टपालाने आलेल्या कागदापुढे चपला काढून उभा राहणारा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. झरीच्या एका घरातल्या दोन बहिणी. थोरली त्यांना दिली, धाकटी मला. थोरलीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, राहायला वालूरला, आणि जन्मभर नोकरी सरकारी दप्तरखान्यात. जुनी कागदपत्रं लाल कापडात बांधून फळीवर रचायची, कुणी मागितली की काढायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. एवढी वर्षं हे काम केल्यावर एखादा माणूस कागदाला विटला असता. साडू उलट त्याच्या प्रेमात पडले. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, मोहर असलेल्या आणि मोहर नसलेल्या. शिक्का हा शब्द ते वापरत नाहीत. मोहर हा निजामाच्या काळापासून आमच्याकडे राहून गेलेला शब्द, आणि तो उच्चारताना साडू नकळत ताठ बसतात. मोहर नसलेला कागद पुड्या बांधायला वापरावा असं त्यांचं स्वच्छ मत आहे. एकदा अंगात ताप असताना औषधाची चिठ्ठी घेऊन ते घरी आले, चिठ्ठीवर मोहर नाही हे बघितलं, आणि तसेच फणफणत पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, काका, सही केलीय ना मी. साडू म्हणाले, "सही तुमची हाय, पण तुमी तुमीच हाव हे कोन सांगावं?" डॉक्टर त्या दिवशी पुढचे पेशंट तपासताना अधूनमधून थांबून खिडकीबाहेर बघत होते, असं त्यांचा कंपाउंडर सांगतो.

निवृत्त झाल्यावर करमेना, म्हणून त्यांनी घरच्यासाठी एक रबरी शिक्का करून घेतला. त्यावर 'मिळाले' एवढंच कोरलेलं आहे. घरात येणारं वीजबिल, लग्नपत्रिका, शाळेची चिठ्ठी, सगळ्यावर तो उमटतो. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः वालूरला जाऊन हातात दिली, तर त्यांनी आधी तिच्यावर मोहर मारली, तारीख घातली, मला पोहोच लिहून दिली आणि मग विचारलं, "बसा की, चहा घेताव का?" ती पोहोच मी कपाटात जपून ठेवली आहे. का, ते माझं मला सांगता येणार नाही. या घरात वीस मिनिटं बसलं की कागद टाकायला धीर होत नाही, एवढं खरं.

त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तीत सगळ्यात वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यांच्या आजोबांच्या नावचा एक उर्दू कागद आहे. कडा उंदरांनी खाल्लेल्या, अक्षरं उडालेली, पण खाली डाव्या कोपऱ्यात गोल, काळी, ठसठशीत मोहर. नवीन लग्न झालं तेव्हा चहाच्या आधी मला तो दाखवला गेला. मी पडलो शाळामास्तर, साहजिकच विचारलं, यात लिहिलंय काय? साडूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "ते कोन वाचायलंय, पाव्हणे? मोहर बघा." पुढं कधीतरी मीच आगाऊपणा करून एका जाणत्या मौलवीसाहेबांकडून तो कागद वाचून घेतला. तीन पिढ्या जहागिरीची सनद म्हणून जपलेला तो कागद म्हणजे आजोबांना दिलेली ताकीद निघाली. तुमची म्हैस सरकारी बागेत वारंवार शिरते, ती बांधून ठेवावी. मला वाटलं साडू खचणार. ते थोडा वेळ गोंधळले खरे, पण मग त्यांनी कागद परत पिशवीत घातला आणि म्हणाले, "म्हशीचा का असंना, हुकूम हाय. सरकारला आमची म्हैस ठावी होती."

अशा माणसाच्या घरी दहा वर्षांपूर्वी पासपोर्ट आला. त्यांचा एकुलता एक मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि जाताना म्हणाला, पासपोर्ट काढून ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात दोघांना बोलावतो. अक्कानं साफ नाही म्हटलं. "मी न्हाई बाई येत. तितल्या बर्फात भाकरी कोन थापावी?" म्हणून एकट्या साडूंचा अर्ज गेला. चौकशीला पोलीस वालूरला आला तेव्हा साडूंनी पेटी उघडून त्याला सातबारापासून पोराच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत सगळं दाखवलं, म्हशीच्या कागदासकट. पोलीस दुपार कलली तरी बाहेर येईना, तेव्हा साडूंना धरून नेणार अशी बातमी गावात उठली आणि चौघं शहाणे जामीन राहायच्या तयारीनं दारात येऊन बसले. मग महिनाभराने पोस्टमन पाकीट घेऊन आला. साडूंनी चपला काढल्या, हात धुतले, पाकीट घेतलं. दप्तरखान्यातलं असतं तसलं लाल कापड आणून त्यात पासपोर्ट बांधला, पोखर्णीच्या नरसिंहाच्या पायावर घालून आणला आणि घरच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या डाव्या हाताला ठेवला.

आमच्याकडे खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या कामाची वस्तू पुजतात. शेतकरी विळे-कोयते पुजतो, मी पुस्तकं पुजतो. साडू आपला पेन आणि तो 'मिळाले' पुजायचे, त्यात पासपोर्टाची भर पडली. पण वरच्या निळ्या पुठ्ठ्याला हळदीकुंकू वाहून त्यांचं समाधान होईना. त्यांनी तो उघडला आणि आतल्या स्वतःच्या फोटोच्या कपाळाला ओल्या बोटानं कुंकू लावलं. अक्का चुलीपासून उठून आली. "जित्या मान्साच्या फोटूला कुंकू लावतेत का? हार बी घाला की मंग." साडू शांतपणे म्हणाले, "मोहर बसस्तोवर कपाळ मोकळं दिसायलंय त्याचं." तेव्हापासून दर खंडेनवमीला फोटोला कुंकू लागत गेलं. ते पुसलं जाई, पण प्लॅस्टिकच्या कडेला आणि नेमकं भुवयांच्या मध्ये लाल डाग धरत गेला.

उन्हाळे मात्र येत राहिले आणि जात राहिले. पहिल्या उन्हाळ्यात मुलाचं घर लहान होतं. दुसऱ्यात त्यानं नोकरी बदलली. मग तो आजार आला आणि सगळं जगच दार लावून बसलं. मग सूनबाईंचं दुखणं, मग अजून काहीतरी. पोरगं वाईट नाही, खरंच अडचणी होत्या त्याच्या, पण साडू दर फाल्गुनात पेटीतून स्वेटर काढायचे, उन्हात घालायचे आणि ज्येष्ठात परत ठेवून द्यायचे. या मधल्या काळात मी निवृत्त शिक्षकांच्या सहलीतून पाच दिवस श्रीलंकेला जाऊन आलो. आल्यावर माझ्या पासपोर्टावरचा तिथला शिक्का मी परभणीत कुणाकुणाला दाखवला याची यादी केली नाही हेच बरं, मतदारयादीसारखी झाली असती. वालूरलाही मुद्दाम गेलो. साडूंनी भिंग आणून बराच वेळ शिक्का बघितला, कागद तिरका धरून शाई बघितली आणि म्हणाले, "रावणाच्या दारची का असंना, पण मोहर हाय." मग त्यांनी माझा पासपोर्ट दोन्ही हातांनी मला परत दिला आणि गोठ्याकडे निघून गेले. मला तेव्हा गंमत वाटली होती. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आणि एके दिवशी मुलगा कॅनडा सोडून कायमचा परत आला. बंगळुरूत नोकरी, बंगळुरूतच घर. अक्कानं पेढे वाटले. साडूही वाटत फिरले, पण त्यांचा चेहरा मला काही नीट लागेना. पोरगं जवळ आलं याचा आनंद त्यांना झाला होता यात शंका नाही. फक्त ज्या दारी जायचं म्हणून दहा वर्षं तयारी केली ते दारच उठून इकडे आलं, आता निघायचं कुठं, हे त्यांना उमजत नव्हतं. त्यात वास्तुशांतीला मुलानं आम्हा चौघांची, म्हणजे त्या दोघांची आणि आम्हा दोघांची, नांदेडहून विमानाची तिकिटं पाठवली. अक्का आणि साडू पहिल्यांदाच विमानात बसणार, म्हणून अनुभवी माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. आदल्या दिवशी ती दोघं परभणीला आमच्याकडे मुक्कामाला आली. साडूंच्या काखेत लाल बासन होतं.

मी म्हटलं, साडूभाऊ, देशातल्या देशात जायचंय, ओळख म्हणून आधारकार्ड पुरतं. साडू म्हणाले, "आधार राशनच्या दुकानात दाखवतेत. तेच इमानतळावर दाखवायचं म्हंजे लग्नाला बनेलवर गेल्यासारखं." मी म्हटलं, पण पासपोर्ट परदेशासाठी असतो. ते घाबरले. "मंग इतं चालत न्हाई का?" मलाही खात्री नव्हती. मुलाला फोन लावला, तो म्हणाला, चालतो की काका, आधारसारखाच चालतो. फोन ठेवेपर्यंत साडूंना पुढची शंका आली होती. "म्हंजे परदेशाचा कागद इतं चालतो. मंग इतला कागद परदेशात का चालत न्हाई?" मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय. एवढा साधा प्रश्न कुठल्याही पोरानं मला कधी विचारला नव्हता. मी पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तेव्हा साडू बासन सोडून पानं उलटत बसले होते. पाहिलं तर सगळी कोरी. "मुद्दत सरायला एकवीस दिस राहिलेत, पाव्हणे. दहा वर्षांत एक मोहर न्हाई बसली. जलमभर लोकाचे कागद सांभाळले मी. आपला एक कागद, आन् तो बी कोराच ऱ्हायला." मग म्हणाले, "इमानतळ तर इमानतळ. कुनीतरी साहेब मारंलच की एखादी." देशातल्या प्रवासात पासपोर्टावर शिक्का मारत नाहीत हे मला माहीत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मी तिकिटं पुन्हा मोजायला घेतली.

नांदेडच्या विमानतळाच्या दारात एक उत्तरेकडचा जवान ओळखपत्र आणि तिकीट ताडून बघत होता. माझी बायको गेली, अक्का आधार दाखवून गेली, मी गेलो. साडूंनी मात्र दारातच पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि बासनाची गाठ सोडायला घेतली. मागची रांग थांबली. जवानानं पासपोर्ट उघडला आणि फोटोवर अंगठा घासला. "ये क्या लगा है?"

"कुंकू."

"फोटो पे?"

"हमारे में लगाते. दसरे को."

जवानानं फोटो बघितला, साडूंकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. त्याची नोकरीच ती, फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस एक आहे की नाही हे बघायची. "फोटो में टीका है," तो म्हणाला, "आपको नहीं है।" खरं तर तो हसत होता, पण साडूंना सरकारी माणसाचं हसणं ओळखता येत नाही. त्यांना वाटलं काहीतरी उणं राहिलं. त्यांनी बासनाच्या घडीत सांडलेलं चिमूटभर कुंकू बोटावर घेतलं, कपाळाला लावलं आणि ताठ उभे राहिले. "अब देखो." मी मध्ये पडलो आणि माझ्या हिंदीत सांगायला लागलो की हे माझे साडू आहेत. जवानानं विचारलं साडू म्हणजे काय, आणि ते समजावण्यात झरीपासून सुरुवात करावी लागली. रांगेतले एक सरदारजी बाकी लगेच समजले, त्यांच्याकडेही साढूच म्हणतात, आणि त्यांनीच त्याला सांगितलं. जवान पानं चाळत होता. "बाबा, दस साल में कहीं गए नहीं?"

"अब्बी निकले ना," साडू म्हणाले.

त्यानं पासपोर्ट परत दिला आणि आत जायची खूण केली. साडू हलेनात. "मोहर?" जवान म्हणाला, "अंदर लगेगी।" साडूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच इतके दिवस त्यांच्यावर अविश्वास दाखवत होतो. आत शिक्का लागतो हे खरं, पण तो विमानात चढायच्या पासावर. मी मान खाली घालून चालू लागलो.

आत तपासणीच्या जागी सगळं सामान तबकात ठेवा म्हणाले. लोकांचे पट्टे, बूट, किल्ल्या तबकात पडत होते. साडू म्हणाले, देवाची वस्तू वहाणांसंगं ठेवणार नाही. जवानांनी हात वर करायला सांगितलं, साडूंनी केले, आणि अंगावरून यंत्र फिरत असताना त्यांच्या दोन्ही हातांत डोक्याच्याही वर पासपोर्ट होता. शेवटी एकानं तो हळूच काढून घेतला, उलटसुलट बघितला आणि परत हातात ठेवला. मग ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो शिक्का आला. चौथऱ्यावरच्या जवानानं पास मागितला. साडूंनी पासावर पासपोर्ट उघडून ठेवला, कोरं पान वर, घडी पडू नये म्हणून कडा बोटांनी दाबून.

"इस पे नहीं लगती, बाबा।"

"इस पेच लगाव. उस पे नको."

"ये देश से बाहर जाने पर लगती है," तो समजावत म्हणाला. "आप तो अपने ही घर में हो।"

साडू म्हणाले, "इक्कीस दिन की मुद्दत रह गई साहेब." जवानाच्या हातात शिक्का होता. त्यानं एकदा शिक्क्याकडे बघितलं, एकदा त्या कोऱ्या पानाकडे. क्षणभर मला वाटलं, मारतो आता. पण त्यानं शिक्का खाली ठेवला, पासपोर्ट मिटला आणि दोन्ही हातांनी साडूंना परत दिला. मग पासावर ठप्पा मारून तोही दिला. अक्का आली आणि तिनं साडूंचं कोपर धरलं. "चला. पोराच्या घरी जायचंय आपल्याला, कचेरीत न्हाई."

विमानात साडूंना खिडकी दिली होती. त्यांनी बाहेर बघितलं नाही. कपाळावर कुंकू तसंच होतं. खूप वेळानं मला म्हणाले, "घरातच हाव म्हनला त्यो. मंग दहा वर्षं मी कुटं जायाची तयारी करायलो होतो, पाव्हणे?" मी खालचे ढग दाखवले. बंगळुरूला त्यांनी नातवाला खांद्यावर घेऊन नवं घर फिरून बघितलं, मुलाला घराचे कागद मागितले, सगळ्या मोहरा तपासल्या आणि समाधानानं पुरणपोळी खाल्ली. पासपोर्टाचं नाव काढलं नाही. परत येताना त्यांनी निमूटपणे आधारकार्ड दाखवलं. त्यांना ते दाखवताना बघून मला फार वाईट वाटलं. लग्नाला बनेलवर आलेला माणूसच दिसत होता तो.

मुदत संपली. मुलगा म्हणाला, बाबा, आता मी इथंच आहे, नवा कशाला काढता? मीही तेच म्हटलं. साडूंनी कुणाचं ऐकलं नाही. कचेरीत गेले, जुना जमा केला, नव्याचा अर्ज भरला, आणि दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी एस.टी.नं परभणीला माझ्या दारात उभे राहिले. काखेत लाल बासन. आत येऊन बसले, आधी नवाकोरा पासपोर्ट काढून दाखवला. "अजून दहा वर्षं दिली सरकारनं. मी एकाहत्तरचा हाय हे त्येंला ठावं हाय, तरी दिली." मी म्हटलं, आता कोण आहे तिकडं, जाणार कुठं? "जायाचं न्हाई कुटं," ते म्हणाले. "पण जाता येतंय, एवढं घरात असलं म्हंजे बरं वाटतंय."

मग त्यांनी बासनाच्या तळातून जुना काढला. त्याचा कोपरा कातरलेला होता, आणि आत एका पानावर भली मोठी आडवी मोहर बसली होती. नवा देताना जुन्यावर मारून परत देतात ती, रद्द केल्याची. दहा वर्षांत त्या पासपोर्टावर पडलेली पहिली आणि शेवटची. साडू इंग्रजी वाचतात, दप्तरखान्यात जन्म गेलाय त्यांचा. मी चष्मा सावरून अक्षरांवर बोट ठेवलं आणि मास्तरकीच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "साडूभाऊ, यावर लिहिलंय..."

"ते कोन वाचायलंय, पाव्हणे?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "मोहर बघा."

मी चष्मा काढून ठेवला आणि मोहर बघितली. चांगली ठसठशीत उठली होती.